वांचलेल्यांची मोजदाद

मराठींत कर्करोगावरील लेखन आतां दुर्मिळ राहिलेलें नाहीं. रोगांतून बाहेर आलेल्या लेखक-लेखिकांचीं आत्मकथनें प्रसिद्ध होतात, दिवाळी अंकांत त्यांच्या आठवणी येतात, आणि ऑक्टोबर महिना लागला कीं वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत स्तनाच्या कर्करोगांतून उठलेल्या स्त्रियांच्या मुलाखती पाहावयास मिळतात. यांतील बरेंचसें लेखन प्रामाणिक असतें. कांहीं तर वाङ्मय म्हणूनही टिकेल. परंतु या लेखनानें जो एक शब्द रूढ करून टाकला आहे त्याविषयीं आमची तक्रार आहे. रोगांतून उठलेल्या माणसास आतां सर्रास 'कर्करोगविजेता' किंवा 'कर्करोगयोद्धा' म्हणण्यांत येतें. जो वांचला तो विजेता, तर मग जो दगावला त्यास काय म्हणावयाचें? तो काय लढण्यांत कमी पडला? शिवाय विजय मिळाला कीं लढाई संपते, असा या शब्दाचा ध्वनि आहे. आणि येथें तर खरी अडचण ती संपत नाहीं हीच आहे. आमच्या खेड्यांतील बाया या स्थितीस नुसतें 'दुखण्यांतून उठली' म्हणतात. तें वर्णन अधिक खरें आहे, कारण उठलेलें माणूस पुन्हां बसूं शकतें हें त्यांत गृहीत धरलेलें आहे. आम्ही येथें 'वांचणें' हें जुनें क्रियापद वापरणार आहों. 'वाचणें' आणि 'वांचणें' यांत एका टिंबाचा फरक. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं तें टिंब गेलें आणि दोन्ही क्रिया कागदावर सारख्याच दिसूं लागल्या. या लेखापुरतें तरी आम्हीं तें राखलें आहे.

तथापि आत्मकथनें हा आज आमचा विषय नाहीं. रोगी, वांचलेले आणि मेलेले यांच्याविषयीं दुसरें एक वाङ्मय निर्माण होत असतें, आणि सुशिक्षित घरांतूनही तें सहसा कोणी वाचीत नाहीं. तें म्हणजे वैद्यकीय संशोधनाचे निबंध. ते इंग्रजींत लिहिले जातात, बॉस्टन किंवा लंडन येथील नियतकालिकांत छापले जातात, आणि त्यांतील माणसें मात्र भूम-परंड्याचीं किंवा मुंबईच्या झोपडवस्त्यांतील असतात. लिहिणारे बहुधा आमच्यांतलेच असतात. कोणाचे चिरंजीव, कोणाच्या सूनबाई. ज्यांच्याविषयीं लिहिलें जातें तीं माणसें बहुधा आमच्यांतलीं नसतात. कादंबरीकारानें आपल्या पात्रांस न्याय दिला काय, हें आपण विचारतोंच. मग ज्याचीं पात्रें खरोखरीच जगतात आणि मरतात त्या संशोधकास तोच प्रश्न विचारण्याचा संकोच टीकाकारानें कां करावा?

या वाङ्मयांतील महाराष्ट्राचें सर्वांत मान्यवर लेखन म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील प्रयोगाचा निबंध. तो एप्रिल २००९ मध्यें 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकन नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. डॉ. शंकरनारायणन् हे त्याचे पहिले लेखक, बार्शीचे डॉ. नेने आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. सुरेंद्र शास्त्री व डॉ. केतयून दिनशॉ हीं सहलेखकांपैकीं. १९९९ च्या अखेरीस कामास आरंभ झाला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, त्यांच्या खेड्यांचे ५२ समूह, आणि त्या समूहांची दैवयोगानें केलेली चार भागांत वांटणी. एका भागांतील स्त्रियांस एच.पी.व्ही. या विषाणूची चाचणी देऊं करण्यांत आली, दुसऱ्या भागांत पॅपची पेशीतपासणी, तिसऱ्यांत सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहण्याची तपासणी. चौथ्या भागांत यांपैकीं कांहींच नाहीं.

निष्कर्ष असा निघाला कीं, विषाणूची चाचणी एकदांच केली तरी या कर्करोगानें होणारे मृत्यु जवळजवळ निम्म्यानें घटतात. ज्या देशांत दर तीन वर्षांनीं खेड्यांतील प्रत्येक स्त्रीस तपासण्यास पैसा नाहीं, माणसें नाहींत आणि प्रयोगशाळाही नाहींत, त्या देशास याहून उपयुक्त वार्ता कोणती? निबंधाची भाषा संयत आहे, दावे मोजके आहेत, एकही विशेषण फुकट गेलेलें नाहीं. आमच्या कित्येक साहित्यिकांनीं ही शैली अभ्यासावी, असें विनोदानें नव्हे, खरोखरच सुचवावेंसें वाटतें.

आतां त्यांतील आंकडे पाहूं. विषाणूचाचणीच्या भागांत २००७ अखेरपर्यंत १२७ स्त्रियांस हा कर्करोग असल्याचें आढळलें व ३४ दगावल्या. तपासणी न झालेल्या भागांत ११८ स्त्रियांस तो आढळला व ६४ दगावल्या. निबंधाचा सगळा भार ३४ आणि ६४ या दोन आंकड्यांवर आहे, आणि तो असणें युक्तच आहे. मृत्यु हा असा निकाल आहे कीं त्याविषयीं दोन मोजणाऱ्यांचें सहसा दुमत होत नाहीं. पण वाचकानें शाळेंत शिकलेली वजाबाकी करून पाहावी. एका बाजूस ९३ स्त्रिया उरतात, दुसऱ्या बाजूस ५४. त्या मुदतींत या रोगानें ज्यांस नेलें नाहीं अशा या जवळजवळ दीडशें बायका. त्यांपैकीं कितीजणींनीं पुन्हां खुरपें हातीं धरलें? या कर्करोगावर किरणोपचार केल्यानंतर मूत्राशयाची आग, शौचावाटें रक्त, अकालीं थांबलेली पाळी, नवऱ्याशीं संबंध दुःसह होणें, हे परिणाम होऊं शकतात हें वैद्यकास ठाऊक आहे. ते कितीजणींच्या वांट्यास आले, आणि त्यांनीं ते कोणास सांगितले? निबंधांत या प्रश्नांचें उत्तर नाहीं, कारण तो त्यासाठीं लिहिलेलाच नाहीं, आणि एका निबंधानें सर्व सांगावें असा आमचा हट्टही नाहीं. परंतु ३४ आणि ६४ यांवर जगभर वाद झाले. ९३ आणि ५४ यांचा उच्चार कोणीं केलेला आमच्या ऐकिवांत नाहीं. वांचलेली बाई ही वजाबाकीची बाकी झाली, आणि बाकीचा पुढें कांहीं हिशेब करावयाचा असतो हें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं.

वाद झाला तो चौथ्या भागाविषयीं. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून असाच एक प्रयोग चालविला होता. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांस शिकवून तयार केलें, त्यांच्याकरवीं ७५,३६० स्त्रियांस दर दोन वर्षांनीं अशी चार वेळां तपासणी देऊं केली, आणि ७६,१७८ स्त्रियांचा गट तपासणीविना तुलनेसाठीं ठेवला. तपासणीच्या गटांत मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले. तो निबंध २०१४ सालीं निघाला. तमिळनाडूंतील दिंडिगल जिल्ह्यांतही याच जातीचा प्रयोग झाला. तिन्ही ठिकाणीं पैसा अमेरिकेंतून आला होता. एरिक सूबा या अमेरिकन डॉक्टरांनीं मुंबईहून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' या नियतकालिकांत २०१४ मध्यें हिशेब मांडला. तिन्ही प्रयोग मिळून १,३८,६२४ स्त्रियांस कसलीच तपासणी देऊं करण्यांत आली नव्हती, व त्यांतील निदान २५४ गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें मेल्या. तपासणीनें मृत्यु टळतात हें कित्येक दशकें ठाऊक असतां या स्त्रियांस तिच्याविना ठेवणें अनीतीचें, असा त्यांचा आक्षेप. प्रयोगकर्त्यांचें उत्तर असें कीं, या स्त्रियांस एरवीं कोणतीच तपासणी मिळत नव्हती, तेव्हां त्यांच्यापासून आम्हीं कांहीं हिरावून घेतलें नाहीं. उलट त्यांस रोगाची माहिती दिली.

या उत्तरांत खोटें कांहीं नाहीं, आणि तरीही तें वाचून आमचें समाधान होत नाहीं. या निबंधांत तुलनागटास जें मिळालें त्यास 'प्रचलित व्यवस्था' अशा अर्थाचें नांव आहे. प्रचलित व्यवस्था म्हणजे येथें व्यवस्थेचा अभाव. नसण्याला नांव दिलें कीं तें असल्यासारखें वाटूं लागतें, ही भाषेची खोड जुनीच आहे. ज्या विषमतेचें निवारण करण्यासाठीं संशोधन मांडलें तीच विषमता मोजपट्टी म्हणून वापरली गेली. बॉस्टनमध्यें असा चौथा भाग ठेवतां आला नसता. भूम-परंड्याकडे ठेवतां आला, आणि याचें कारण शास्त्रांत नाहीं, तेथील बायकांच्या दारिद्र्यांत आहे. सूबा यांचा आक्षेपही आम्हांस पुरता पटत नाहीं. पॅपची तपासणी त्या खेड्यांत चालवून तरी लाभ झाला असता काय, हा प्रश्न ते फार लवकर ओलांडतात. उस्मानाबादच्या प्रयोगांत ती एका भागास दिली असतां मृत्युसंख्येंत म्हणण्यासारखी घट दिसली नाहीं, ही वस्तुस्थिति त्यांच्या विरुद्ध जाते. शिवाय याहून पुष्कळ काळीं प्रकरणें आपल्याकडे होऊन गेलीं आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या दिल्लींतील एका संस्थेनें १९७६ पासून बारा वर्षें १,१५८ स्त्रियांच्या गर्भाशयमुखावरील बिघडलेल्या पेशींचें नुसतें निरीक्षण केलें. लेखी संमति घेतलेली नव्हती, कांहींजणींचा रोग डोळ्यांदेखत पुढें गेला, आणि १९९७ मध्यें त्याचा बोभाटा झाला. त्या प्रकरणाशेजारीं उस्मानाबादचे संशोधक उभे केले तर ते फारच उजळ दिसतात. पण उजळ दिसण्यासाठीं अशी शेजारीण लागावी, हें कांहीं भूषण नव्हे.

आमच्या मतें या वादाचा निकाल २०१४ च्या लेखांत शोधूंच नये. तो नंतरच्या वर्षांत शोधावा. ज्या स्त्रियांवरून ज्ञान मिळालें त्यांच्यासारख्या स्त्रियांकडे तें परत गेलें काय? केंद्र सरकारनें २०१६ सालीं तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांच्या तपासणीविषयीं मार्गदर्शक नियम काढले. तीस वर्षांपुढील माणसांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या द्वारें व्हावी असें त्यांत ठरलें. त्यानंतर २०१९-२१ या काळांत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या ज्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यांत एकदां तरी झाली होती, त्यांचें प्रमाण देशांत शेंकडा १.९ भरलें. बॉस्टनला निबंध छापून झाल्यास तेव्हां दहा वर्षें होऊन गेलीं होतीं. नीतिसमित्या प्रयोगापूर्वीं बसतात. प्रयोगानंतर दहा वर्षांनीं बसणारी एखादी समिति असती तर तिनें या आंकड्यापुढें काय लिहिलें असतें?

बार्शीकरांचेंच दुसरें एक काम मात्र आम्हांस मनापासून आदरणीय वाटतें, आणि पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांस तें जवळजवळ ठाऊक नाहीं. १९८७ सालीं बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांसाठीं कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. केवळ ग्रामीण लोकांची अशी नोंदणी भारतांत ही पहिलीच. मुंबईंतील नोंदणी त्याआधीं दोन तपांची, पण शहरांतील नोंदणी मुख्यतः रुग्णालयांच्या आणि प्रयोगशाळांच्या दप्तरांवरून होते. बार्शीकडील खेड्यांतला रोगी रुग्णालयापर्यंत येतच नव्हता. दप्तर तपासून काय मिळणार? तेव्हां नोंदणीचे कार्यकर्ते गांवोगांव गेले. त्यांनीं गांवकऱ्यांच्या सभा घेतल्या, धोक्याचीं लक्षणें समजावून दिलीं, संशय आलेल्यांस बार्शीस येण्याविषयीं विनविलें, आणि पुन्हां पुन्हां जात राहिले. कांहीं वर्षांत असें दिसून आलें कीं, गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वींपेक्षां अलीकडच्या अवस्थेंत ओळखला जाऊं लागला आहे. मोजावयास आलेल्यांच्या येण्याजाण्यानेंच, जें मोजावयाचें त्यांत सुधारणा झाली. शास्त्राच्या कडक दृष्टीनें यास मोजणींतील ढवळाढवळ म्हणतां येईल; आम्ही तीस सज्जनपणा म्हणतों.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रोगी वांचला कीं मेला हें आपल्याकडे मृत्युनोंदीवरून नेमकें कळत नाहीं. नोंद असली तरी कारण नसतें. म्हणून अशा नोंदणींत घरीं जाऊन विचारावें लागतें. रुग्णालयांच्या अहवालांत मात्र एक स्वतंत्र रकाना असतो. ज्या रोग्यांचें पुढें काय झालें हें कळलें नाहीं ते त्यांत जातात, आणि इंग्रजींत त्यांस सरळ 'हरवलेले' म्हणतात. या शब्दाचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें. बाई आपल्या घरीं आहे, चूल पेटवीत आहे, गांवांतील पोरासोरांसही तिचें घर ठाऊक आहे. तिला कोणी हरवलें असेल तर तें रुग्णालयानें. परंतु व्याकरण असें रचलें आहे कीं हरवण्याचा दोष तिच्याकडे जावा.

बालपणीं कर्करोग होऊन बऱ्या झालेल्या मुलांसाठीं टाटा स्मारक रुग्णालयानें १९९१ सालीं स्वतंत्र दवाखाना काढला. औषधांचे हृदयावर, वाढीवर, पुढील संततीवर काय परिणाम होतात हें तेथें वर्षानुवर्षें पाहिलें जातें. भारतांत हें काम इतक्या आधीं कोणीं हातीं घेतलें याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे. पण ज्याला येतां येतें तोच अशा दवाखान्यांत येतो. विदर्भांतील मजुराचा मुलगा बरा होऊन दहा वर्षें झाल्यावर, ठणठणीत दिसत असतां, दोन दिवसांची मजुरी आणि आगगाडीचें भाडें खर्चून परळास कां जाईल? कांहीं दुखूं लागलें तर कदाचित् तो जवळच्या वैद्याकडे जाईल, आणि त्या वैद्यास त्याच्या बालपणाची गोष्ट ठाऊक नसेल. म्हणून वांचलेल्यांच्या प्रकृतीविषयीं समाधानकारक अहवाल वाचनांत आला कीं आम्ही प्रथम न आलेल्यांची संख्या शोधतों. ती बहुधा तळटीपेंत सांपडते.

हें झालें बार्शी आणि परळ येथलें. आपल्या दाराशीं काय आहे? आमचे पुण्याचे वाचक साताऱ्याकडे जातांना खेड-शिवापूर मागें टाकून भोर तालुक्यांत शिवरे या गांवावरून जातात. बहुधा मोटारींतून, आणि न थांबतां. बार्शीची नोंदणी येथवर पोंचत नाहीं. पुण्याची नोंदणी सत्तरच्या दशकापासून आहे, पण ती पुणें व पिंपरी-चिंचवड या नागरी पट्ट्यापुरती. उद्यां शिवऱ्याच्या एखाद्या बाईस स्तनाचा कर्करोग झाला, पुण्यास तिची शस्त्रक्रिया झाली आणि ती बरी होऊन घरीं परतली, तर रुग्णालयाच्या दप्तरांत तिचें नांव राहील. परंतु इतक्या लोकांत इतके आजारी, त्यांतून इतके वांचले, या हिशेबांत तिला जागा नाहीं. महामार्गावरचें गांव, शहरापासून तासाभराचें. त्यास कोणी दुर्गम म्हणणार नाहीं. आरोग्यांतील विषमता म्हटली कीं आमच्या डोळ्यांपुढें मेळघाट आणि गडचिरोली येतात. ती नगराच्या हद्दीच्या दगडापाशीं सुरू होते हें सहसा सुचत नाहीं, कारण तो दगड आम्ही वेगानें ओलांडतों.

समजा, अशा बाईची पांच वर्षांनंतरची हकीकत टिपून घेण्यास एखादा संशोधक शिवऱ्यास गेला. त्याच्या हातीं काय असेल? बहुधा युरोपीय कर्करोग-संशोधन संघटनेनें तयार केलेली, १९९३ सालीं प्रसिद्ध झालेली तीस प्रश्नांची यादी. मराठीसह जगांतील कित्येक भाषांत तिचीं भाषांतरें आहेत, आणि आमच्याकडील रुग्णांवर ती पारखूनही घेतलेली आहे. वांचलेल्या माणसाचें जिणें कसें आहे हें आंकड्यांत सांगण्याचें तें आज जगन्मान्य साधन आहे. म्हणून टीकाकारानें ती यादी एखाद्या कवितेइतक्या बारकाईनें वाचली पाहिजे. पहिलाच प्रश्न श्रमाच्या कामाविषयींचा. उदाहरण काय, तर बाजारहाटाची जड पिशवी किंवा प्रवासाची पेटी उचलणें. ब्रुसेल्सच्या बाईच्या श्रमाची कल्पना त्या पिशवीवरून येत असेल. भोर आणि वेल्हें (ज्यास आतां राजगड तालुका म्हणतात) या भागांत पावसाळ्यांत भाताची लावणी असते. ओणवें होऊन, चिखलांत पाय रोवून, दिवसभर एका हातांत रोपांची जुडी आणि दुसऱ्या हातानें लावणी. स्तनाच्या शस्त्रक्रियेंत काखेंतील गांठी काढल्या असल्या तर त्या बाजूचा हात सुजण्याची भीति जन्मभर राहते. हातास जखम होऊं देऊं नका, फार ताण देऊं नका, असें डॉक्टर सांगतात. विळा, चिखल, सरपणाची मोळी, पाण्याचा हंडा, यांपैकीं एकाचेंही नांव यादींत नाहीं. पिशवी उचलतां येते काय, या प्रश्नास बाई 'येते कीं' म्हणेल, आणि कोष्टकांत ती सुखरूप ठरेल.

पुढील बहुतेक प्रश्न गेल्या एका आठवड्याविषयींचे आहेत. कचेरींत काम करणाराचे सगळे आठवडे सारखे असतात. शेतकऱ्याच्या बायकोचे नसतात. वैशाखांत विचारलें तर हात बरा आहे. आषाढांत विचारलें तर कोपरापर्यंत ठणकतो आहे. दोन्ही उत्तरें खरीं, आणि संशोधक कोणत्या महिन्यांत आला यावर शास्त्राचा निष्कर्ष अवलंबून! पैशाच्या ओढाताणीस तीस प्रश्नांत एक प्रश्न दिलेला आहे. उपचारासाठीं दागिना मोडला काय, म्हैस विकली काय, मुलीचें शिक्षण थांबलें काय, हीं सगळीं दुःखें चार पायऱ्यांच्या एका उत्तरांत बसवावयाचीं. भाषांतरकाराचा यांत दोष नाहीं. त्यानें शब्द बिनचूक आणले असतील. मूळ यादी ज्या घरांत बसून लिहिली तें घर त्यास आणतां येत नव्हतें. असली यादी करावयाची तर दुखण्यांतून उठलेल्या चार बायांस आधीं जवळ बसवून, तुम्हांस आतां काय करतां येत नाहीं तें तुम्हींच सांगा, असें विचारून आरंभ करावा लागेल. मग तिची तुलना ब्रुसेल्सशीं करणें अवघड होईल हें खरें. होऊं द्यावें.

संमतीचें तेंच. आयुर्विज्ञान परिषदेचे २०१७ चे नीतिनियम आम्हीं वाचले आहेत आणि ते चांगले आहेत. वाचतां न येणाऱ्या व्यक्तीची संमति घेतांना निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा. येण्याजाण्याचा खर्च व बुडालेली मजुरी भरून द्यावी. संशोधनाचा लाभ ज्यांच्यावर तें केलें त्या समाजास मिळावा. कागदावर याहून अधिक काय मागावें? पण शिवऱ्यासारख्या गांवांत निःपक्षपाती साक्षीदार म्हणजे कोण? शेजारीण ही चुलत जाऊ असते. आशाताई गांवचीच सून असते. सरपंचास बोलवावें तर तो नात्यांतला नाहीं तर विरुद्ध पक्षांतला. शहरांतील वकिलाच्या कल्पनेंतला तो तिऱ्हाईत माणूस लहान गांवांत जन्मासच येत नाहीं. जो कोणी साक्षीस बसेल त्यास बाईचा आजार कळेल, आणि कळलेलें संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोंचेल.

येथें बार्शीच्या ज्या पद्धतीची आम्हीं वर स्तुति केली तिचीच दुसरी बाजू दिसूं लागते. घरीं जाऊन विचारपूस करणें हें हरवलेल्यांच्या रकान्यावरचें औषध खरें. परंतु कर्करोग रुग्णालयाची गाडी गांवांत शिरून एकाच दारापुढें उभी राहिली, तर तिच्यावरील अक्षरें सगळा गांव वाचतो. ज्या बाईनें पांच वर्षांपूर्वीं 'पुण्यास पोटाचें आपरेशन झालें' एवढेंच सांगून वेळ निभावून नेली असेल, तिच्या घरांत लग्नाची मुलगी असेल. आईस झालेला रोग लेकीस होतो काय, हा प्रश्न सोयरीक ठरवितांना उघड विचारीत नाहींत. पत्रिका जुळत नाहीं असें कळवितात. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतींत तो प्रश्न थोड्या घराण्यांपुरता खरा आहे, बहुतेकांच्या बाबतींत खोटा. पण सोयरीक एकदां फिसकटली म्हणजे हा भेद समजावून सांगण्यास कोणी उरत नाहीं. संशोधकानें विचारलेला प्रश्न कितीही नाजूक असो, त्याचें दारांत येणेंच आधीं बोलून जातें. म्हणजे न गेलें तर बाई हिशेबांतून जाते, आणि गेलें तर तिची झांकली मूठ उघडी पडते.

यांतून वाट नाहीं असें नव्हे. बार्शीच्या कार्यकर्त्यांनीं आरंभीं अमक्याच्या घरीं जाण्याआधीं सगळ्या गांवास गोळा करून सांगितलें होतें, यांत ही वाट दडलेली आहे. ज्या गांवांत एका दारीं जावयाचें तेथें सगळ्या दारीं जावें. गाडीवर कर्करोगाचें नांव नसावें. रक्तदाब पाहावा, साखर तपासावी, म्हाताऱ्यांचे डोळे पाहावेत, ज्यांना लागेल त्यांना औषध द्यावें. आणि त्या शंभर घरांत एका घरीं, दार लोटून घेऊन, शिकलेल्या बाईमाणसानें दुसऱ्या बाईजवळ बसून हात कसा आहे तें विचारावें. पुढच्या वर्षीं पुन्हां यावें, आषाढांतही यावें, आणि गेल्या खेपेस विचारलें त्यावरून काय कळलें तें आधीं सांगावें. याप्रमाणें एका बाईची हकीकत मिळविण्यास शंभर घरांचा खर्च येईल. नव्व्याण्णव घरांचा तो खर्च अनुदानाच्या अर्जांत कोणत्या सदराखालीं मागावयाचा, याचा नमुना मात्र कोणत्याही संस्थेनें छापलेला आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं.